यास्नाया पोल्याना : घर, घरधनी आणि घरधनीण

रशिया देशात मॉस्को शहराच्या दक्षिणेस सुमारे २०० किलोमीटरवर तुला नावाचे शहर आहे, आणि तेथून १२ किलोमीटरवर यास्नाया पोल्याना हे गाव आहे. नावाचा अर्थ रानातील उजळ मोकळी जागा. या गावी लेव टॉलस्टॉय यांचे वडिलोपार्जित घर, त्याभोवतीची बाग, तळी, सफरचंदांची झाडे आणि मागचे रान हे सर्व जसेच्या तसे राखून ठेवलेले आहे. त्या घराची व आवाराची पुष्कळ छायाचित्रे निघालेली आहेत. ती आम्ही एकामागून एक लावून पाहिली, तेव्हा असे दिसून आले की, ही नुसती भिंतींची चित्रे नव्हेत. एका पुरुषाचे ८२ वर्षांचे सबंध चरित्रच तेथे मांडून ठेवले आहे. म्हणून तीच चित्रे क्रमाने पुढे ठेवून हे चरित्र सांगण्याचा आमचा विचार आहे.

वाचक म्हणतील, कोण कुठला रशियाचा सरदार, त्याच्याशी आपले काय नाते? नाते आहे, बरे का! १९०९ साली महात्मा गांधींनी लंडनहून टॉलस्टॉय यांस पत्र लिहिले; उत्तर आले; पुढे वर्षभर हा पत्रव्यवहार चालला. १९१० साली गांधींनी दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रही कुटुंबांसाठी जी वसाहत काढली, तिला टॉलस्टॉय यांचेच नाव दिले. इकडे आपल्या साने गुरुजींनी टॉलस्टॉय यांचा कलेवरील ग्रंथ मराठीत आणला. आणि याच गुरुजींनी १९४७ साली पंढरीचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले, हे वारकऱ्यांस सांगावयास नको. तेव्हा या रशियन गृहस्थाच्या विचाराचा एक पाट फिरत फिरत आपल्या वाळवंटापर्यंत आलेला आहे.

आता पहिले चित्र. दोन गोल पांढरे बुरूज, हे आवाराचे प्रवेशद्वार. आत शिरताच डावीकडे मोठे तळे, आणि समोर चढत जाणारा रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांस बर्च नावाच्या पांढऱ्या सालीच्या झाडांची रांग. हे सारे वैभव टॉलस्टॉय यांचे मातामह व्होल्कोन्स्की यांनी उभे केले. हे सैन्यातून निवृत्त झालेले सेनापती होते. त्यांची एकुलती एक कन्या मारिया हिचा विवाह निकोलाय टॉलस्टॉय या सरदाराशी झाला, आणि ९ सप्टेंबर १८२८ रोजी त्यांच्या चौथ्या मुलाचा जन्म झाला. तोच आपला चरित्रनायक. ज्या कातडी कोचावर हा जन्म झाला, तो कोच अजून घरात आहे. पुढे त्यांची स्वतःचीही बरीच मुले त्याच कोचावर जन्मली. छायाचित्रात तो साधाच दिसतो. काळपट, पाठ सरळ, आणि बाजूला लिहिण्याचे मेज. जेथे जन्म, तेथेच जन्मभराचे कर्म, असा योग कितीजणांच्या वाट्याला येतो?

मूल दोन वर्षांचे होण्याआधीच आई गेली. नववे वर्ष पुरे होण्याआधी बाप गेला. पोरक्या भावंडांना नात्यातल्या बायकांनी वाढवले. या बालपणातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण शेवटी तिचे काम पडणार आहे. थोरला भाऊ निकोलाय याने धाकट्यांना सांगितले की, सर्व माणसे सुखी कशी होतील, कोणी कोणावर रागावणार नाही, कोणास रोग-दुःख राहणार नाही, याचे रहस्य आपल्याला ठाऊक आहे; ते एका हिरव्या काठीवर लिहून रानातल्या ओघळीच्या काठाशी पुरून ठेवले आहे. पोरांनी ती काठी फार शोधली. खुर्च्यांवर शाली पांघरून त्याखाली एकमेकांस बिलगून बसावयाचे आणि जगातली सारी माणसे अशीच एका आच्छादनाखाली येतील असे मनात आणावयाचे, हा त्यांचा खेळ. काठी सापडली नाही. पण धाकट्या लेवच्या मनातून ती गेली नाही.

दुसरे चित्र मोठे विचित्र आहे. उंच झाडे, खाली गवत, आणि एक दगड. घर कुठे आहे? घर नाही! जेथे टॉलस्टॉय जन्मले ते मोठे घर याच जागी होते. मग झाले काय? तरुणपणी टॉलस्टॉय यांची वृत्ती अगदी निराळी होती. १८४४ साली ते काझान येथील विद्यापीठात गेले, १८४७ साली पदवी न घेताच परतले. वाटणीत यास्नाया पोल्याना आणि तेथील भूदास त्यांच्या वाट्यास आले. भूदास म्हणजे जमिनीबरोबर ज्यांची मालकी बदलते असे शेतकरी. हाती पैसा, डोक्यावर कोणी नाही. मग मद्य, विलास आणि पत्ते. १८५१ साली ते भावाबरोबर कॉकेशस पर्वताकडे गेले, सैन्यात शिरले, सेवस्तोपोलच्या वेढ्यात लढले. पैशासाठी १८५४ साली ते मोठे घर विकावयास काढले. घेणाऱ्याने ते सुटे करून आपल्या गावी नेले. आणि त्या पैशाचे झाले काय, तर पुढच्याच वर्षी दोन दिवस दोन रात्री बसून पत्त्यांत घालवला. वडिलांचे घर डावावर गेले! राहिली फक्त बाजूची दोन पाखाडी. त्यातलेच एक पुढे वाढवून राहते घर केले, आणि आज लोक पाहावयास जातात ते हेच. मोकळ्या जागेवर मागाहून झाडे वाढली.

पण हाच मनुष्य दिवसाकाठी आपली झाडाझडती रोजनिशीत लिहून ठेवीत असे. जुगारात काय हरलो, कोठे खोटे बोललो, सर्व टिपलेले. दोष लपवला नाही, म्हणूनच तो फार काळ टिकला नाही.

तिसरे चित्र दुसऱ्या पाखाडीचे. १८५९ साली टॉलस्टॉय यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. छडी नाही, पाठांतराची सक्ती नाही, मन लागेल तोवर मूल बसावे. १८६१ साली बादशहाने भूदासांस मुक्ती दिली, तेव्हा जमीनदार व शेतकरी यांचे तंटे तोडण्यासाठी टॉलस्टॉय मध्यस्थ नेमले गेले. त्यांनी इतक्या वेळा शेतकऱ्यांच्या बाजूने कौल दिला की आजूबाजूचे जमीनदार हात धुऊन मागे लागले, आणि त्यांनी ते काम सोडले. याच काळातील एका झाडाची आठवण आजही दाखवतात. घराच्या पायऱ्यांजवळ एक जुना एल्म वृक्ष होता, त्यावर एक घंटा. गरीब, वाटसरू, भिक्षेकरी तेथे येऊन बसत; मालक बाहेर येई आणि प्रत्येकाचे ऐकून घेई. म्हणून त्याचे नावच गरिबांचे झाड. मूळ झाड पुढे वठले, पण त्याच जागी त्याच जातीचे दुसरे लावले आहे. आपल्याकडे पारावर पिंपळ वठला तर गाव दुसरा लावतो, तशी ही रीत.

१८६२ साली ३४ व्या वर्षी टॉलस्टॉय यांनी मॉस्कोच्या एका वैद्याची कन्या सोफिया हिच्याशी लग्न केले. ती १८ वर्षांची. येथून पुढचे प्रत्येक चित्र या बाईंच्या हातचे आहे असे समजावे. वरच्या मजल्यावरची बैठक पाहा. लांब मेज, पांढरी चादर, चहाचे मोठे तांब्याचे भांडे, दोन पियानो, भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी. ४८ वर्षांच्या संसारात १३ मुले झाली, त्यातली पाच लहानपणीच गेली. बाळंतपणे, आजारपणे, पाहुणे, नोकरचाकर, हिशेब, सारे सोफियाबाईंकडे. आणि रात्री सगळे निजले की यजमानांच्या कागदांची शुद्ध प्रत करावयाची. खालच्या मजल्यावर कमानींची एक खोली आहे. आजोबांच्या वेळचे ते कोठार, छतात अजून लोखंडी कड्या आहेत. भिंती जाड, आत आवाज पोहोचत नाही. तेथे बसून टॉलस्टॉय यांनी युद्ध आणि शांती या महाकादंबरीचे आरंभीचे भाग लिहिले. १८६३ पासून १८६९ पर्यंत ते काम चालले. लिहावे, खोडावे, पुन्हा लिहावे. आणि ते न लागणारे अक्षर लावून बाईंनी पुन्हा पुन्हा उतरून काढावे. त्यामागून १८७३ ते १८७७ या काळात अॅना कॅरेनिना ही कादंबरी झाली. कीर्ती साऱ्या युरोपात गेली.

आणि अशा भर सुखात, पन्नाशीच्या सुमारास, यांच्या मनात एक काटा शिरला. हे सगळे कशासाठी? मरण आले की यातले काय उरते? तो प्रश्न इतका खोल रुतला की, आपल्या हातून जीव जाईल या भीतीने त्यांनी दोरी डोळ्यांआड केली आणि बंदूक घेऊन शिकारीस जाणे सोडले. पंडितांस विचारले, ग्रंथ चाळले; समाधान झाले नाही. शेवटी त्यांनी शेतकऱ्यांकडे पाहिले. हे लोक कष्टतात, सोसतात आणि शांतपणे मरतात; यांस जे ठाऊक आहे ते आपणांस ठाऊक नाही, असे त्यांस कळून आले. मग येशूच्या डोंगरावरील उपदेशाचा त्यांनी ध्यास घेतला. वाइटाचा प्रतिकार वाइटाने करू नये, हेच त्यांच्या धर्माचे मर्म झाले. मांस, मद्य, तंबाखू, शिकार सोडली. शेत नांगरले, लाकडे फोडली, स्वतःचे पाणी स्वतः आणले, चांभाराजवळ बसून जोडे शिवावयास शिकले. त्यांच्या निजावयाच्या खोलीचे चित्र पाहावे : अरुंद लोखंडी खाट, हात धुण्याचे भांडे, शेतकऱ्याचा सदरा. सरदाराची ही खोली! १८९१-९२ च्या दुष्काळात त्यांनी रियाझान प्रांतात अन्नछत्रे घातली. त्या वेळी वर्तमानपत्रांतून मदतीची हाक सोफियाबाईंनी दिली आणि पैशांचा ओघ सुरू झाला, हेही विसरू नये. १९०१ साली रशियाच्या धर्मपीठाने टॉलस्टॉय यांस बहिष्कृत केले. त्याने त्यांचे भक्त वाढलेच.

आता कथेचा अवघड भाग आला.

मालमत्ता पाप आहे, हे टॉलस्टॉय यांस मनापासून पटले होते. १८८१ नंतरच्या आपल्या लेखनावर आपला हक्क नाही, कोणीही छापावे, असे त्यांनी १८९१ साली जाहीर केले. १८९२ साली घर, जमीन, सर्व काही पत्नी व मुले यांच्यात वाटून दिले. यास्नाया पोल्याना धाकटा मुलगा वान्येच्का व त्याची आई यांच्याकडे गेले. टॉलस्टॉय मोकळे झाले. पण झाले का? राहावयाचे त्याच घरात, जेवावयाचे त्याच मेजावर. फरक एवढाच की खंड वसूल करणे, नोकर ठेवणे, रान राखणे, हे त्यांनी सोडलेले काम सोफियाबाईंच्या अंगावर आले. डोक्यावरचा भारा उतरवणारा पुण्यवान ठरतो. पण तो भारा जमिनीवर न पडता दुसऱ्याच्या डोक्यावर पडला, तर तो वाहणाऱ्यास पापी म्हणावे काय? येथेच या दोघांच्या संसारात भेग पडली. १८९५ साली वान्येच्का सात वर्षांचा होण्याआधीच वारला. ज्या मुलावर दोघांचा सारखा जीव होता, तोही दुवा तुटला.

शेवटच्या वर्षांत सोफियाबाईंनी रानावर घोडेस्वार राखणदार ठेवला. लाकूडफाटा नेणारे गावकरी तो धरून आणी. ते पाहून टॉलस्टॉय यांच्या काळजाला घरे पडत. बाईंचे म्हणणे, एवढ्या मुलाबाळांनी खावे काय? यांचे म्हणणे, गरिबाला धरून आणणाऱ्या घरात मी राहू कसा? त्यात शिष्य चेर्तकोव्ह यांची भर पडली. त्यांच्या आग्रहाने १९१० च्या उन्हाळ्यात टॉलस्टॉय यांनी गावाजवळच्या रानात जाऊन गुप्तपणे मृत्युपत्रावर सही केली. सर्व ग्रंथांचा हक्क धाकटी कन्या अलेक्सांद्रा हिच्या नावे, म्हणजे तिच्या हातून सर्व जगास मोकळा. सत्यासाठी जन्मभर झगडलेल्या माणसाला ४८ वर्षांच्या सोबतिणीपासून कागद लपवावा लागला! बाईंस संशय आला. त्या रात्री-अपरात्री कागद शोधू लागल्या. घरात कोणासच झोप नाही.

१० नोव्हेंबर १९१०. पहाटेचा अंधार, कडाक्याची थंडी. अभ्यासिकेत कागद चाळल्याचा आवाज टॉलस्टॉय यांनी ऐकला, आणि निश्चय झाला. वय ८२. कन्येने सामान बांधावयास मदत केली. वैद्य माकोवित्स्की यांना बरोबर घेऊन ते घोडागाडीने निघाले. पत्नीस चिठ्ठी ठेवली. ती वाचताच सोफियाबाई धावत बागेतल्या तळ्याकडे गेल्या आणि त्यांनी पाण्यात उडी घेतली. लोकांनी बाहेर काढले. ते तळे चित्रात किती शांत दिसते! काठाशी झाडे, पाण्यात आभाळ.

टॉलस्टॉय आधी ऑप्तिना मठाकडे, तेथून शामोर्दिनो येथे जोगीण झालेल्या बहिणीकडे गेले. तेथेही मन ठरेना, पुन्हा आगगाडी. वाटेत तिसऱ्या वर्गाच्या गर्दीतून प्रवास झाला होता, बाहेरच्या गार वाऱ्यात उभे राहणे झाले होते. फुप्फुसे सुजली, ताप चढला, आणि अस्तापोवो नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरावे लागले. तेथील स्टेशनमास्तर ओझोलिन यांनी आपली खोली दिली. जगभरचे बातमीदार तेथे गोळा झाले. सोफियाबाई खास गाडीने आल्या. पण रोग्यास धक्का बसेल म्हणून त्यांस आत सोडले नाही. त्या वेळचे एक छायाचित्र आहे. बाहेरून खिडकीच्या काचेला डोळे लावून ही वृद्ध बाई आत पाहते आहे. आम्ही पाहिलेल्या सर्व चित्रांत हे पाहवत नाही. शुद्ध गेल्यावर मात्र त्यांस आत घेतले. २० नोव्हेंबर १९१० रोजी सकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी टॉलस्टॉय यांनी देह ठेवला.

ज्या घरातून निघाले, तेथेच देह परत आला. मुलांनी आणि शेतकऱ्यांनी तो खांद्यावरून नेला. धर्मपीठाचा विधी झाला नाही. कोठे ठेवला? ओघळीच्या काठी, जेथे भावाने हिरवी काठी पुरल्याचे सांगितले होते तेथे. तशी त्यांचीच इच्छा होती.

आणि आता ऐका, मागे राहिलेल्यांनी काय केले. कन्या अलेक्सांद्रा हिने पित्याच्या अप्रकाशित ग्रंथांच्या पैशातून भावांकडून व आईकडून जमीन विकत घेतली आणि १९१३ साली ती यास्नायाच्या शेतकऱ्यांस वाटून दिली. पित्याला जिवंतपणी जे जमले नाही ते झाले. घर मात्र सोफियाबाईंनी स्वतःकडे ठेवले. कशासाठी? मिरवावयास नव्हे. अभ्यासिकेतल्या वस्तू त्यांनी हलू दिल्या नाहीत. शेवटच्या दिवसांत यजमान वाचीत होते ते पुस्तक, मेणबत्त्या, कागद, सर्व जागच्या जागी. येणाऱ्यास त्या स्वतः घर दाखवीत. नऊ वर्षे असे राखण करून ४ नोव्हेंबर १९१९ रोजी त्याही गेल्या. १९२१ साली सरकारने घर संग्रहालय म्हणून ताब्यात घेतले. १९४१ च्या अखेरीस जर्मन सैन्य सुमारे दीड महिना तेथे तळ देऊन होते. मौल्यवान वस्तू आधीच सायबेरियात तोम्स्क येथे हलवल्या होत्या म्हणून वाचल्या. सैन्याने जाताना घरास आग लावली. तेथील कामगार व गावकरी यांनी ती विझवली. गरिबांच्या झाडाखाली ज्यांचे आजे-पणजे येऊन बसत, त्यांनी घराचे ऋण असे फेडले.

या चरित्रावर पुष्कळांनी निवाडे दिले आहेत. कोणी म्हणतात बाई संसाराच्या लोभी, कोणी म्हणतात नवरा कठोर. आम्हांस एवढेच दिसते की, आज जे हजारो लोक तेथे जाऊन त्या महापुरुषाचे दर्शन घेतात, ते त्याने टाकलेल्या घरात घेतात, आणि ते घर उरले ते त्याने जिला टाकले तिच्यामुळे. त्याग त्याचा, राखण तिची. दोन्ही मिळून हे स्थान झाले. खांद्यावर पताका घेऊन घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने मागे गोठ्यात, चुलीपाशी, पाळण्यापाशी कोण थांबले आहे, तेही मनात धरावे.

शेवटचे चित्र समाधीचे. तिला समाधी म्हणावे तर दगड नाही, क्रूस नाही, नाव नाही. रानात एक लांबट मातीचा उंचवटा, त्यावर हिरवे गवत, भोवती उंच झाडे. हिवाळ्यात तो बर्फाखाली जातो, वसंतात पुन्हा हिरवा होतो. लोक येतात, बोलणे आपोआप थांबते, आणि थोडा वेळ उभे राहून परततात.